एकतर्फी हुकूमनामा : चाकणच्या कुणब्यापासून पार्किंगच्या पावतीपर्यंत

१/
चाकण म्हटले की इतिहासप्रेमींना १६६० सालचा संग्रामदुर्ग आठवतो. शायिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर शिबंदीनिशी तो भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. या धाग्यात मात्र याच मुलखातल्या एका निराळ्या बचावाची हकीकत सांगायची आहे. तो बचाव तटावरून करायचा नव्हता. दिवाणी न्यायालयात हजर राहून, तोंड उघडून करायचा होता. आणि बहुतेकांनी तो केलाच नाही.

२/
निमित्त आजचे आहे. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मालट्रक, कंटेनर आणि कामगारांच्या दुचाक्या उभ्या करायला खासगी वाहनतळ असतात. ठरलेले तासाचे शुल्क ही एक गोष्ट. ‘वेळ उलटली’, ‘पावती हरवली’, ‘चुकीच्या जागी गाडी लावली’ म्हणून मागितलेली मोठी रक्कम ही दुसरी. आपल्याकडे असे तंटे बहुधा फाटकावरच, हुज्जत घालून मिटतात. इंग्लंडमध्ये मात्र तेच तंटे मोठ्या संख्येने लहान दाव्यांच्या न्यायालयात जातात, आणि तिथल्या मराठी घरांतही असे लिफाफे येतात.

३/
अशा दाव्यांचे एक मर्म आहे. दावा लावणारा सराईत असतो, त्याचे कागद छापील असतात, आणि रक्कम लहान असते. समोरचा माणूस नवखा असतो. घाबरून पैसे भरतो किंवा लिफाफा बाजूला ठेवून देतो. उत्तर न आल्यामुळे पुराव्याची कसोटी न लागताच निकाल होतो. ही युक्ती वाहनतळवाल्यांनी शोधलेली नाही. दीडशे वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्याने ती पुरती भोगली होती.

४/
त्याआधीची रीत पाहू. मराठेशाहीत देण्याघेण्याचा तंटा गोतसभेपुढे किंवा पंचायतीपुढे जाई. दोन्ही पक्ष पंचांचा निवाडा मान्य असल्याचा राजीनामा लिहून देत, जामीन देत. निवाड्यानंतर हरलेला पक्ष आपली हार कबूल करणारे यजितखत लिहून देई. म्हणजे ज्याच्याविरुद्ध निकाल जायचा, त्याच्या हजेरीवाचून आणि सहीवाचून प्रकरण पुरे होत नसे. ही व्यवस्था संथ होती, तीत वशिला चाले, बलवंताचे वजन पडे; पण गैरहजर माणसाला हरवणे तीत सोपे नव्हते.

५/
वसुलीसाठी सावकाराच्या हाती मुख्यतः तगादा होता. ऋणकोच्या दारात माणूस बसवायचा, त्याची अडवणूक करायची. हे सुखाचे नव्हते. परंतु गावात राहायचे असल्याने सावकारालाही मर्यादा पडे. साऱ्या गावाशी वैर घेऊन त्याला धंदा करता येत नसे. १८१८ नंतर कंपनी सरकारचे कायदे आणि दिवाणी न्यायालये आली, आणि सावकाराला गावाबाहेरचे एक बळकट साधन मिळाले : हुकूमनामा.

६/
१८५९ साली दोन कायदे झाले. दिवाणी प्रक्रिया संहितेने दावा, समन्स, हुकूमनामा, जप्ती आणि अटक अशी सरळ वाट आखून दिली. मुदतीच्या कायद्याने नोंदणी न केलेल्या साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू असा की जुनी, कुजकी देणी उकरून ऋणकोला छळू नये. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला. थकलेले व्याज मुद्दलात मिळे आणि त्या फुगलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज चढे.

७/
त्यात काळ फिरला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि याच सुमारास दख्खनच्या काही तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. देणी तुंबली. सावकाराने न्यायालयाची पायरी चढायला सुरुवात केली.

८/
दावा कसा चाले? सावकार रोखा दाखल करी. रोख्यावर कुणब्याचा अंगठा किंवा नांगराची निशाणी असे. समन्स निघे. ठरल्या दिवशी कुणबी न आल्यास न्यायाधीश रोखा पाही, साक्ष घेई आणि मागितलेली रक्कम मंजूर करी. हा एकतर्फी हुकूमनामा. मूळ रक्कम किती होती, व्याजाचे किती चढले, मधल्या काळात धान्याच्या रूपाने किती फेड झाली, हे विचारायला कोणी नसे. न्यायाधीश कायद्याप्रमाणेच वागत असे. अडचण नेमकी तीच होती.

९/
कुणबी का येत नसे? न्यायालय दूर होते. पेरणी किंवा काढणी सोडून दिवस मोडावा लागे. वकील आणि स्टॅम्प यांचा खर्च होता. समन्स आपल्या हाती पडलेच नाही, अशी तक्रारही वारंवार होई. आणि सर्वांत खोल कारण असे की कुणब्याला वाटे, आपण देणे लागतोच आहोत, मग तिथे जाऊन बोलायचे काय? ‘काही तरी देणे आहे’ आणि ‘मागितले तेवढे सगळे देणे आहे’ यांतला फरक सांगण्याची जागा म्हणजेच न्यायालय, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती.

१०/
१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, भर बाजारच्या दिवशी, लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. या उठावाचे वैशिष्ट्य असे की लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते, रोखे, हुकूमनामे हिसकावून त्यांची होळी केली जाई. सावकाराने कागद काढून दिले तर बहुधा तेवढ्यावर भागे. जो बचाव न्यायालयात होऊ शकला नाही, तो रस्त्यावर आगीच्या रूपाने आला. शेकडो लोक पकडले गेले आणि अनेकांना शिक्षा झाल्या.

११/
सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्याच्या अहवालात दुष्काळ, सारा, कापूस यांच्या बरोबरीने न्यायालयीन प्रक्रियेवरही बोट ठेवले गेले. कर्जाच्या दाव्यांतील मोठा भाग एकतर्फी निकाली निघतो, आणि कायद्यापुढे समान म्हणून उभे केलेले दोन पक्ष प्रत्यक्षात मुळीच समान नसतात, हे सरकारी कागदांतच नमूद झाले. अक्षरशत्रू कुणबी आणि हिशेबात मुरलेला सावकार यांच्यामध्ये तटस्थ राहणारे न्यायालय नकळत सावकाराचे हत्यार होते.

१२/
लोकांनीही आपल्या परीने वाटा शोधल्या. ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी यांनी पुण्यात लवाद कोर्टाच्या कल्पनेचा पुरस्कार केला : खर्चाच्या न्यायालयाऐवजी दोन्ही पक्षांना मान्य लवादापुढे तंटा मिटवावा. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात कचेऱ्या आणि कोर्टे यांच्या फेऱ्यात सापडलेल्या शेतकऱ्याची दैना मांडली. दोघांच्या भूमिका पुष्कळ भिन्न होत्या. न्यायालयाच्या दारात सामान्य माणूस एकटा पडतो, यावर मात्र त्यांचे एकमत होते.

१३/
यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. चाकण ज्या खेड तालुक्यात येते तोही अर्थातच त्यात होता. या कायद्याचा गाभा असा की न्यायालयाने कागदामागे जावे. प्रतिवादीला बोलावून त्याची जबानी घ्यावी. नुसता रोखा पाहून निकाल देऊ नये. देवघेवीचा इतिहास अगदी आरंभापासून तपासावा.

१४/
प्रतिवादीने मागणी कबूल केली, तरी ती कबुली खरी आहे आणि आपले हक्क समजून दिलेली आहे, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागे. हिशेब नव्याने मांडताना मुद्दल वेगळे, व्याज वेगळे धरायचे. व्याजावर व्याज चढवायचे नाही. रक्कम हप्त्यांनी फेडण्याची मुभा देता येई. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची वाट बंद झाली.

१५/
आणखी तरतुदी होत्या. शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत. फेडीची पावती द्यावी, हिशेब द्यावा. दावा लावण्यापूर्वी सलोखा घडवणाऱ्या मध्यस्थाकडे जावे. अगदी लहान रकमांसाठी गावातच मुनसफ असावा. आणि एका बाजूला वकील असून दुसऱ्या बाजूचा शेतकरी वकिलाविना असेल, तर न्यायालयाने त्याच्यासाठी वकिलाची सोय करावी. मोफत कायदेविषयक मदतीची कल्पना या मातीत इतकी जुनी आहे.

१६/
न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा या व्यवस्थेशी निकटचा संबंध आला. १८८० च्या दशकात ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे, म्हणजे लघुवाद न्यायालयाचे, न्यायाधीश होते; पुढे याच शेतकरी कायद्याखालील विशेष न्यायाधीश झाले आणि १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले. अर्थशास्त्रावर आणि समाजसुधारणेवर लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्याची कितीतरी वर्षे शेपन्नास रुपयांच्या देण्याघेण्याचे कागद वाचण्यात घालवली, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

१७/
कायद्याने सारे दुखणे बरे झाले नाही. सावकारांनी हात आखडला, पत आटली. कर्जरोख्याऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचे आणि जमीन परत देण्याचे वचन तोंडी ठेवायचे, अशी पळवाट निघाली. प्रामाणिक सावकाराचीही वसुली अडली. पुढे १९३९ आणि १९४७ च्या कर्जनिवारण कायद्यांनी या कायद्याची जागा घेतली. तरी एक तत्त्व मागे उरले : लहान दाव्यात न्यायाधीशाने ‘सही कोणाची?’ एवढे विचारून थांबू नये. ‘ही रक्कम आली कुठून?’ हेही विचारावे.

१८/
आता त्याच प्रश्नाचा धागा धरून इंग्लंडात जाऊ. तिथे १९७३ पासून लहान दाव्यांसाठी सोपी, बहुधा वकिलाविना चालणारी प्रक्रिया आहे. २०१२ च्या कायद्याने खासगी जागेत गाडीच्या चाकाला कुलूप घालण्यावर बंदी आली. त्याच वेळी, ठरावीक नोटिसा वेळेत दिल्यास गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून आकार मागण्याची सोय झाली. कुलूप गेले, लिफाफे वाढले. सरकारी दंडाच्या नोटिशीची आणि खासगी मागणीची आद्याक्षरेही तिथे एकच आहेत. घाबरणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही.

१९/
या विषयावरचा तिथला प्रमुख निकाल ‘पार्किंगआय विरुद्ध बेव्हिस’. चेम्सफर्डच्या एका बाजारसंकुलात दोन तास गाडी फुकट लावता येत होती. बेव्हिस यांची गाडी ५६ मिनिटे जास्त राहिली. मागणी आली ८५ पौंडांची. ‘ही शिक्षा आहे, नुकसानभरपाई नव्हे’ हा त्यांचा बचाव. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ६ विरुद्ध १ मतांनी फेटाळला. जागा मोकळी होत राहावी यात चालकाचे रास्त हित आहे, फलक मोठे व स्पष्ट आहेत आणि रक्कम अवाच्या सवा नाही, असा निष्कर्ष निघाला.

२०/
बेव्हिस हरले. पण त्यांच्या बचावामुळे पुढच्या प्रत्येक प्रतिवादीला प्रश्नांची यादी मिळाली. फलक दिसण्याजोगा होता का? अटी वाचता येत होत्या का? दावा लावणाऱ्याला त्या जागेवर तसा अधिकार होता का? रक्कम त्या हिताच्या मानाने बेसुमार आहे का? आणि मूळ आकारावर ‘वसुली खर्च’ म्हणून चढवलेली भर कशाच्या आधारे? हे प्रश्न १८७९ च्या कायद्याला ओळखीचे आहेत. मुद्दल किती, वर चढवले किती, आणि का?

२१/
भारतात हाच प्रश्न १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ विचारते. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी, असे लिहिलेले असले तरी न्यायालय ती डोळे मिटून देववत नाही. ती रक्कम ही कमाल मर्यादा, आणि तिच्या आत जी वाजवी भरपाई ठरेल तेवढीच मिळते. १९६३ च्या ‘फतेहचंद विरुद्ध बाळकिशन दास’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व पक्के केले. म्हणून खासगी वाहनतळाने पावतीवर ‘दंड’ असे छापले, तरी तो कायद्याच्या अर्थाने दंड होत नाही. दंड करणे हा राज्याचा अधिकार. खासगी चालकाची ती करारावर आधारलेली मागणी असते, आणि मागणी सिद्ध करावी लागते.

२२/
पैसे घेणाऱ्यावर जबाबदारीही येते. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलात चालकाच्या हाती सोपवलेली गाडी १९९८ मध्ये चोरीला गेली. ‘गाडी मालकाच्या जोखमीवर’ अशी सूचना पावतीवर होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ताब्यात घेतलेल्या गाडीची काळजी न घेता केवळ त्या ओळीच्या आड लपता येणार नाही. त्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयाने मॉलना पार्किंग शुल्क घेण्याचा अधिकार नसल्याचा निकाल दिला. हा निकाल त्या राज्याच्या नियमांवर बेतलेला आहे. तो सर्वत्र जसाच्या तसा लागू धरू नये.

२३/
मग समन्स आलेच तर? पुण्यात लघुवाद न्यायालय आहे. चाकण परिसराचे दिवाणी दावे सामान्यतः राजगुरुनगरच्या न्यायालयात चालतात. पहिले काम तारीख पाहणे. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते; कारण नोंदवून न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. कैफियतीत प्रत्येक विधानाला उत्तर द्यावे. जे नाकारले नाही ते मान्य धरले जाण्याचा धोका असतो. जागेची छायाचित्रे, फलकाची उंची आणि अक्षर, पावती, यूपीआयची नोंद, आत-बाहेर जाण्याची वेळ हे सारे जपून ठेवावे.

२४/
एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तोही शेवट नव्हे. समन्स रीतसर पोहोचले नव्हते किंवा गैरहजेरीला पुरेसे कारण होते, असे दाखवून तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. मुदत ३० दिवसांची : हुकूमनाम्यापासून, किंवा समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून. लघुवाद न्यायालयांच्या १८८७ च्या कायद्यात मात्र अशा अर्जासोबत हुकूमनाम्याची रक्कम भरावी किंवा जामीन द्यावा लागतो. उशिरा केलेला बचाव आजही महाग पडतो.

२५/
आणि वकिलाचे काय? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत कायदेविषयक मदतीला पात्र असणाऱ्यांची यादी आहे. तीत स्त्रिया आहेत, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आहेत, ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक आहेत. आणि औद्योगिक कामगारही आहेत. चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल? तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करता येतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेले न्यायालय शुल्कही परत मिळते.

२६/
बचाव म्हणजे प्रत्येक देणे बुडवणे नव्हे. जे रास्त आहे ते मान्य करून द्यावे. ‘तासाचे शुल्क देतो, वरच्या रकमेचा हिशेब द्या’ हेही पूर्ण उत्तर आहे. १८७५ च्या कुणब्यालाही नेमके एवढेच म्हणायचे होते. त्याच्याजवळ ते म्हणायला जागा नव्हती, म्हणून त्याने कागद जाळले. पुढे कायद्याने त्याला ती जागा दिली.

२७/
आज ती जागा आपल्यापाशी आहे. फिरंगोजींनी किल्ला अखेरीस सोडला, पण शत्रूला त्याची किंमत मोजायला लावून सोडला. दोनशे किंवा दोन हजार रुपयांच्या दाव्यातही मागणाऱ्याला त्याचा हिशेब मांडायला लावणे हा प्रतिवादीचा हक्क आहे. त्यासाठी तारखेला हजर राहावे लागते. समन्सचा लिफाफा आला तर तो न उघडता फडताळात ठेवू नका.

(समाप्त)